कोल्हापूरचे पाणलोट आणि त्याची राखण करणारे नागरिक

कोल्हापुरातील तलाव, ओढे आणि शहरालगतचे डोंगरउतार यांच्या संवर्धनात सामान्य नागरिक का उतरले, हे समजून घ्यायचे तर शहर आपले पिण्याचे पाणी कुठून घेत आले हे आधी पाहावे लागते. पाण्याचा स्रोत जसजसा लांब गेला, तसतशी जवळच्या पाण्याची राखण करणारे कुणी उरले नाही, आणि नागरिकांच्या बहुतेक प्रयत्नांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

जुने कोल्हापूर तळ्यांचे शहर होते. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, सिद्धाळा, कोटीतीर्थ आणि सर्वांत विस्तीर्ण असा रंकाळा, ही तळी पेठांना लागून होती आणि आसपासच्या उतारांवरचे पावसाचे पाणी त्यांत साठत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कात्यायनीच्या डोंगराखाली कळंबा तलाव बांधला गेला. तेथील पाणी मंगळवार पेठेतील पाण्याच्या खजिन्यात, म्हणजे साठवण टाकीत, येऊन तिथून शहरात फिरू लागले आणि पेठांमधील तळ्यांवरचा भार हलका झाला. गरज संपली तशी पुढे अनेक तळी बुजवली गेली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या जागेवर शाहू स्टेडियम उभे राहिले. जोराच्या पावसात गांधी मैदानात आजही पाणी साठते. मैदानाच्या व्यवस्थेला दोष देण्यापूर्वी ही जागा मुळात पाण्याची होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१८५४ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेचे १९७२ साली महानगरपालिकेत रूपांतर झाले. वाढत्या शहराला कळंबा पुरेनासा झाल्यावर बालिंगा आणि शिंगणापूर येथील उपसा केंद्रांतून नदीचे पाणी घेतले जाऊ लागले. तेव्हापासून कळंबा दुय्यम झाला. त्याच पाणलोटातून वाहत येऊन शहर ओलांडणारा आणि पंचगंगा नदीला मिळणारा जयंती ओढा सांडपाण्याने भरून गेला, आणि रंकाळ्यातही भोवतालच्या वसाहतींचे नाले मिसळू लागले. एकीकडे शहर नदीतून पाणी उचलत होते आणि दुसरीकडे आपलाच मैला त्याच नदीत सोडत होते. पुढे कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, परंतु नाल्यातील सगळे पाणी केंद्रापर्यंत पोहोचले तरच या क्षमतेला अर्थ असतो.

या साऱ्याचे परिणाम नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी अधिक सोसले. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली आणि तीत माणसे दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि नदीची स्थिती हा केवळ पर्यावरणप्रेमींच्या आस्थेचा विषय न राहता सार्वजनिक आरोग्याचा आणि कायद्याचा विषय बनला. याचे श्रेय पाठपुरावा करणाऱ्या नागरिकांना दिले पाहिजे.

लोकसहभागाचा सर्वांत ठळक बदल मात्र गणेशोत्सवात घडला. पंचगंगा घाटावर आणि रंकाळ्यात मूर्ती विसर्जित करणे ही पिढ्यांची रीत होती. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील आणि निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी विसर्जित मूर्ती व निर्माल्य दान करण्याचे आवाहन सुरू केले, तेव्हा त्याला विरोधही झाला. तरीही वर्षानुवर्षे घाटावर उभे राहून, प्रत्येक कुटुंबाशी बोलून त्यांनी ही कल्पना रुजवली. पुढे महापालिकेने काहिली (मोठ्या कढया) व कुंडांची सोय केली आणि रंकाळ्याशेजारची इराणी खण हे विसर्जनाचे मुख्य ठिकाण झाले. कोल्हापुरात पेठेची तालीम आणि तरुण मंडळ जी गोष्ट मान्य करते ती टिकते, त्यामुळे मंडळांची संमती इथे कोणत्याही आदेशाइतकीच मोलाची ठरली. रंकाळ्यातील केंदाळ (जलपर्णी) काढणे, नाल्याकाठचा कचरा उचलणे अशा मोहिमांमागेही हेच मनुष्यबळ आढळते. आंदोलनासाठी हजारोंनी रस्त्यावर उतरण्याची या शहराची ताकद शहरातल्या रस्त्यांवरील टोलविरोधी लढ्यात दिसली. तलावाची निगा राखण्यासाठी तीच ताकद दर आठवड्याला लागते आणि ते काम अधिक कठीण आहे, असे मला वाटते.

पाण्याच्या मानाने माळरानाकडे आणि झुडपी रानाकडे लक्ष फार उशिरा गेले. कात्यायनी परिसरातील उतारांवरचे गवत आणि झुडपे पावसाचे पाणी धरून ठेवतात, माती अडवतात आणि कळंब्यात गाळ येण्याचे प्रमाण कमी करतात. उन्हाळ्यात लागणारे वणवे आणि उतार पोखरून होणारी बांधकामे हे काम मोडून टाकतात. नुसती रोपे लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण गवताळ माळ हीसुद्धा जिवंत परिसंस्था आहे आणि परक्या झाडांची दाटी तिला मारक ठरते. उतार जपल्यास काय साधते याचे उदाहरण शहरातच आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या ८५३ एकरांच्या उघड्या माळावर झाडे वाढवली, उतारावरचे पाणी तळ्यांत आणि विहिरींत साठवले, आणि २०१९च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रे बुडून शहराचा पुरवठा थांबला असताना हेच साठे कामी आले.

त्या पुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नदीचे पाणी जयंतीतून उलटे चढून शाहूपुरी व लक्ष्मीपुरीच्या भागात शिरले. ओढ्याच्या काठावरचे भराव आणि अतिक्रमणे हा विषय त्यानंतर घरोघरी बोलला जाऊ लागला.

२०२३च्या दिवाळीत, अनेक वर्षांच्या मागणीनंतर, काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी कोल्हापुरात आले. शहराला स्वच्छ पाण्याचा हक्क आहे आणि ती योजना गरजेचीच होती. मात्र कळंब्याबाबत जे घडले, म्हणजे गरज संपताच राखणही सुटली, तेच आता पंचगंगेबाबत घडण्याची शक्यता तिच्यामुळे निर्माण झाली आहे. कळंब्याचा पेच तर आणखी वेगळा आहे. तलाव शहराचा आहे, पण त्याला पाणी पुरवणारे उतार हद्दीबाहेरच्या गावांत पसरले आहेत. हद्दवाढीला या गावांचा विरोध आहे, आणि २०१७ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे बांधकामाच्या नियोजनाचे काम आले असले तरी पाणलोटाची दैनंदिन राखण त्यात आपोआप येत नाही. त्यामुळे कळंब्यासाठी काम करणाऱ्यांना महापालिका, ग्रामपंचायती, प्राधिकरण आणि वनविभाग अशा चारही दारांत जावे लागते.