मनिलात ‘इतिम’, सेबूत ‘इतोम’

फिलिपिन्समध्ये सेबू बेटावरच्या सेबुआनो भाषेला अनेकदा राजधानी मनिलाच्या तागालोगची बोली समजलं जातं. पण काळ्या रंगाला तागालोगमध्ये ‘इतिम’ म्हणतात, तर सेबुआनोत ‘इतोम’. दाताला मनिलात ‘ङिपिन’, सेबूत ‘ङिपोन’. पेरण्या-लावण्याला तिकडे ‘तानिम’, इकडे ‘तानोम’. सहाला ‘आनिम’ आणि ‘उनोम’. चार जोड्या झाल्या की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जिथे तागालोगमध्ये ‘इ’, तिथे सेबुआनोत ‘ओ’ किंवा ‘उ’, असं कुठेतरी ठरून गेलेलं दिसतं.

भाषाशास्त्रज्ञ याचा माग तैवानपासून मादागास्करपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळात काढतात. या कुळाच्या मूळ भाषेत धड ‘इ’ नाही, धड ‘उ’ नाही असा एक मधला स्वर होता. तागालोगने तो एका अंगाला ढकलला, सेबुआनोने दुसऱ्या. पानाय बेटावरच्या किनाराया भाषेने मात्र त्याला हात लावला नाही, तिथे तो आजही ऐकू येतो.

ही फाटाफूट किती जुनी? १५२१ मध्ये दर्यावर्दी मॅगेलनची जहाजं सेबूला लागली. त्याच वर्षी शेजारच्या माक्तान बेटावर तो मारला गेला. पण त्याच्या सोबतच्या आंतोनियो पिगाफेत्ता या इटालियन गृहस्थाने दरम्यान सेबूतले दीडेकशे शब्द टिपून घेतले होते. त्यात आकडेही आहेत, आणि सहाच्या जागी ‘ओनोम’ लिहिलंय. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी सेबूकरांचा हा स्वर आपल्या वळणावर जाऊन बसलेला होता. कानाला अनोळखी भाषा, इटालियन लिपीची सवय, तरी पठ्ठ्याने बरंच नीट ऐकलं.

तेव्हा सेबुआनो ही तागालोगची बोली नाही. दोघी मध्य फिलिपीन गटातल्या, म्हणजे फार तर चुलत बहिणी. ‘लांगाम’ म्हटलं की मनिलाकराला मुंगी दिसते आणि सेबूकराला पक्षी! सेबुआनोच्या सख्ख्या बहिणी देशाच्या मध्यावरच्या विसायस बेटांवर सापडतात, त्यांना मिळून बिसाया भाषा म्हणतात. डेव्हिड झॉर्क या अभ्यासकाने १९७०च्या दशकात या बिसाया भाषांची पाच शाखांत मांडणी केली, ती आजही आधाराला घेतली जाते. तीत सेबुआनो एका शाखेत येते, हिलिगायनोन आणि वाराय दुसऱ्या, किनाराया तिसऱ्या. गंमत म्हणजे दूर सुलू बेटांवरच्या मुस्लिम ताउसुग लोकांची भाषाही याच बिसाया भाषांतली, आणि तिचं जवळचं नातं दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाच्या ईशान्य टोकावरच्या बुतुआनोन भाषेशी निघतं.

नकाशावर या बहिणी बेटागणिक वाटलेल्या नाहीत. नेग्रोस बेटाच्या मधोमध डोंगर आहे. पश्चिमेला बाकोलोदमध्ये हिलिगायनोन, पूर्वेला दुमागेतेत सेबुआनो. लेयते बेटाचीही तीच कथा, पश्चिमेच्या ओर्मोकमध्ये सेबुआनो आणि पूर्वेच्या ताक्लोबानमध्ये वाराय. ‘नाही’ म्हणायला सेबुआनोत ‘दिली’, वारायमध्ये ‘दिरी’, हिलिगायनोनमध्ये ‘इंदी’. समुद्र होडीने ओलांडता येतो, डोंगर आडवा येतो. माझ्या मते बेटांच्या देशातलं भाषांचं गणित इथूनच समजून घ्यायला हवं.

मग ‘बोली’ हा शिक्का आला कुठून? १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोग जाहीर केली. पुढची काही दशकं जनगणनेत सेबुआनो मातृभाषा असणारेच जास्त भरत होते, पण राजधानी मनिलात होती. शाळा आणि टीव्हीमुळे सेबूकराला तागालोग येते, मनिलाकराला सेबुआनो शिकायची गरज पडत नाही. सेबूकर स्वतः आपल्या भाषेला ‘बिसाया’ किंवा ‘बिनिसाया’ म्हणतात, त्याने घोळ आणखी वाढतो, कारण बिसाया या बहिणींचं सामाईक नावही आहे. पहिल्या इयत्तांमध्ये मातृभाषेतून शिकवण्याचं धोरण गेल्या दशकात देशभर लागू झालं, त्यात सेबुआनोही होती. २०२४ च्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली.

भाषेचा संसार त्यामुळे थांबलेला नाही. विसायसमधून स्थलांतर केलेल्यांनी ती मिंदानाओत नेली आणि आज दावाओसारख्या मोठ्या शहरात बाजाराची भाषा तीच आहे. आकडे मात्र दोन वहीतले. माणसं मोजायची तर ‘दुहा, तुलो’, पण दोन वाजले की स्पॅनिश वळणाने ‘आलास दोस’. बोहोल बेटावर ‘य’चा ‘ज’ होतो, ‘मायो’चं (चांगलं) ‘माजो’. आपल्याकडे यात्रेची जत्रा झाली तोच प्रकार. खुद्द सेबू शहरात तर ‘ल’ गळून पडायला लागलाय. घराला लिहिताना ‘बालाय’ आणि बोलताना नुसतं ‘बाय’, रस्ता ‘दालान’चा ‘दान’, आणि ‘जवळ काही नाही’ या अर्थाचं ‘वाला’ आता फक्त ‘वा’ उरलंय.