डेल्सफर्ड : हेस्टिंग्जांचं गेलेलं वतन

वॉरन हेस्टिंग्ज हे नाव आपण शाळेत सालबाईच्या तहाबरोबर पाठ केलेलं असतं. त्याचं मूळ गाव डेल्सफर्ड. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांतलं हे छोटंसं खेडं तेव्हा वूस्टरशायरमध्ये होतं, १९३१ पासून ते ग्लॉस्टरशायरमध्ये आहे. इथली जमीनदारी कित्येक शतकं हेस्टिंग्ज घराण्याकडे होती. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात घराण्याने राजा पहिल्या चार्ल्सची बाजू घेतली आणि त्यातच ते खंक झालं. १७१५ मध्ये वाडा आणि जमीन विकावी लागली. मालकी गेली तरी घरातला एक माणूस, वॉरनचे आजोबा, गावच्या चर्चचे पाद्री म्हणून तिथेच राहिले.

वॉरनचा जन्म १७३२ चा, शेजारच्या चर्चिल गावातला. आई बाळंतपणानंतर लगेच गेली, वडील मुलाला सोडून गेले. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडल्यापडल्या आपण ठरवलं की डेल्सफर्ड परत मिळवायचं, अशी आठवण त्याने म्हातारपणी सांगितली. वतनासाठी जीव टाकणारी माणसं आपल्याला परकी नाहीत, त्यामुळे ही आठवण मला खरी वाटते.

पण ती इच्छा पुरी झाली ती हिंदुस्थानातल्या पैशावर. १७५० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून बंगालमध्ये आला आणि पुढे पहिला गव्हर्नर-जनरल झाला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं, तेव्हा कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांनी मान्य केलेला करार त्याने झुगारला आणि लढाई चालू ठेवली. अशा युद्धांनी खजिना रिता होत गेला. बनारसच्या चेतसिंगाकडे त्याने जादा रकमांचा तगादा लावला, अवधच्या बेगमांचा खजिनाही काढून घेण्यात आला. मे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईला तह झाला.

बनारस आणि अवधची हीच प्रकरणं पुढे त्याच्यावरच्या आरोपपत्रात आली. फेब्रुवारी १७८८ मध्ये संसदेपुढे खटला उभा राहिला आणि त्याच वर्षी त्याने डेल्सफर्ड विकत घेतलं! एकीकडे वेस्टमिन्स्टरमध्ये त्याच्यावर आरोप ठेवणाऱ्या खासदार एडमंड बर्कची भाषणं, दुसरीकडे गावात वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकरेलच्या देखरेखीखाली घुमटाच्या नव्या वाड्याचं बांधकाम. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला, पण खटल्याच्या खर्चाने कर्जबाजारी झाला. कंपनीने वार्षिक ४,००० पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं नसतं तर वाडा टिकणं कठीण होतं. तिथे त्याने लिचीची झाडं लावून पाहिली, तिबेटी शेळ्या पाळून पाहिल्या. इंग्लंडच्या हवेत त्यांनी जीव धरला नाही.

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. त्यानंतर तीनच महिन्यांत, २२ ऑगस्टला, हेस्टिंग्ज डेल्सफर्डला वारला. त्याला गावच्या चर्चपाशीच पुरलं. हेस्टिंग्जला स्वतःचं मूलबाळ उरलं नव्हतं. पत्नी मरियनमागे वाडा तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलाकडे गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात विकला गेला. त्र्याहत्तर वर्षांनी परत मिळालेलं वतन पुन्हा परक्यांच्या हाती गेलं.