हंगामी कीड सर्वेक्षण व नियंत्रण (कोल्हापूर जिल्हा)

पिकाच्या हंगामात ठरावीक दिवसांनी शिवार फिरून किडी ओळखणे, त्यांची संख्या मोजणे आणि ती आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोचण्याआधी आवर घालणे, असे हे काम आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ते वळवाच्या पहिल्या पावसाबरोबर सुरू होते आणि भाताच्या कापणीपर्यंत चालते. नदीकाठचा ऊस, टोकणलेले सोयाबीन व भुईमूग आणि गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड भागातला भात ही त्यातली मुख्य पिके.

सगळ्यांत जास्त माणसे लागतात ती हुमणीला, म्हणजे जमिनीत राहून पिकाच्या मुळ्या खाणाऱ्या अळीच्या किडीला. वळीव पडून जमीन ओली झाली की होलोट्रिकिया जातीचे तांबूस भुंगेरे दिवस मावळल्यावर मातीतून वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला व मिलनासाठी जमतात. पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात आणि माद्या तिथेच अंडी घालतात. म्हणून कामाची वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची. बॅटरीच्या उजेडात भुंगेरे मोजायचे. झाडामागे सरासरी वीस किंवा जास्त भरले तर मोहीम घ्यायची. आकडीने फांदी हलवली की ते टपाटप खाली पडतात. ते वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या घमेल्यात टाकतात. रानात बल्ब लावून खाली पाण्याचे घमेले ठेवले की तोच प्रकाश सापळा होतो.

या किडीची वर्षात एकच पिढी होते, त्यामुळे वळवानंतरच्या या मोजक्या संध्याकाळी हातून गेल्या तर पुढच्या वर्षापर्यंत तशी संधी येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, तांबूस डोक्याची अळी मुळ्या फस्त करते, पिवळा पडलेला उसाचा गड्डा ओढला की अलगद हातात येतो. तेव्हा मोठ्या अळीवर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. एकट्याने आपल्या बांधावरचे झाड झाडूनही पुरत नाही, कारण शेजारच्या रानातले भुंगेरे उडत येतात. हे काम पाणंदीच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात करायचे आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठावर ल्युकोफोलिस ही वेगळी हुमणी आहे. तिचे भुंगेरे पाला खायला झाडावर जमत नाहीत, म्हणून तिथे नांगरामागे अळ्या वेचणे आणि शेणखतातून मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी देणे यांवर भर द्यावा लागतो. नांगरामागे चालणारे बगळे या वेचणीत मोठी मदत करतात.

सोयाबीनमध्ये फेरी पानांच्या खालून सुरू होते. स्पोडोप्टेरा या पाने खाणाऱ्या किडीच्या नुकत्या निघालेल्या अळ्या एकाच पानावर घोळक्याने असतात आणि पान जाळीदार करतात. असे पान खुडून नष्ट केले की शेकडो अळ्या एकदम जातात. चार दिवस उशीर झाला की त्या ओळभर पांगतात. देठावर दोन समांतर चकत्या दिसल्या तर तो चक्रीभुंगा. मादी त्या दोन चकत्यांच्या मधे अंडी घालते. मादीच्या वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकतात ते नर पतंग. त्यांची रोजची संख्या वाढली की अंडी-अळ्या येणार हे आधीच कळते. भातात खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी व तुडतुडे पाहतात. गाभेमर (खोडकिड्याने मधला पोंगा वाळणे) पाच टक्क्यांवर गेली की उपाय करायचा.

या पाहणीला सरकारी चौकट मिळाली ती 2008 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर स्पोडोप्टेराचा मोठा उद्रेक झाल्यानंतर. 2009-10 पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात हंगामापुरते कीड सर्वेक्षक नेमले गेले. ते काही ठरलेली आणि काही अचानक निवडलेली शेते पाहून आकडे भरत, त्यावरून सल्ला निघे. उसाच्या पट्ट्यात हेच डोळे कारखान्याच्या चिटबॉयचे असतात. ऊसनोंदीसाठी रोज शिवारात फिरणारा हा माणूस कीड पहिल्यांदा पाहतो. त्याचे ऐकले जाते तिथे फवारणीचे पैसे वाचतात.

2002 साली पांढरा लोकरी मावा पश्चिम महाराष्ट्राच्या उसावर पसरला. पानाखाली कापसासारखा थर, त्यातून गळणारा चिकटा आणि खालच्या पानांवर चढलेली काजळी, असे त्याचे रूप होते. सुरुवातीला फवारे मारले गेले. पण खरा आवर घातला तो डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या किडींनी. त्या असलेली पाने तोडून दुसऱ्या फडात नेऊन ठेवली जात. सरसकट फवारणीत मात्र या मित्रकिडीही मरतात, आणि त्या ओळखता येणे हे शत्रू ओळखण्याइतकेच सर्वेक्षकाचे काम आहे.

उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड वापरतात. सुकलेला पोंगा ओढल्यावर सहज निघाला आणि कुजका वास आला, की खोडकीड ओळखावी. एका कार्डावर तांदळाच्या पतंगाची सुमारे 20 हजार परोपजीवीग्रस्त (आत दुसरा कीटक वाढत असलेली), काळी पडलेली अंडी असतात. त्यांतून एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाश्या निघून खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला, उन्हाच्या वेळा टाळून लावतात. माश्या निघायच्या बेतात असतानाच कार्ड लावायचे, कारण आधी लावले तर मुंग्या अंडी नेतात. आणि त्या दिवसांत त्या फडात कीटकनाशक मारायचे नाही.