अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांचे महाविद्यालय-प्रवेश समुपदेशन

वाचन, लेखन किंवा गणन यांत बुद्धीच्या मानाने सतत मागे पडणाऱ्या किशोरवयीन मुलांना दहावी आणि बारावीनंतर शाखा, विषय, महाविद्यालय व परीक्षेतील सवलती ठरवण्यासाठी दिले जाणारे मार्गदर्शन. वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया), लेखन-अक्षमता (डिसग्राफिया) आणि गणन-अक्षमता (डिस्कॅल्क्युलिया) हे विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे मुख्य प्रकार. नेहमीच्या करिअर मार्गदर्शनात कल आणि गुण पाहतात. येथे त्याआधी पाहायचे ते हे, की मुलाला येते ते उत्तरपत्रिकेवर उतरते का, आणि उतरत नसेल तर नेमके कोठे अडते.

महाराष्ट्रात अशा मुलांना शालेय व मंडळाच्या परीक्षेत सवलती देण्याची शासकीय सोय १९९६ मध्ये सुरू झाली. मुंबईतील महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापनाही त्याच वर्षीची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश केला, तेव्हापासून या सवलतींना देशभर कायद्याचा आधार आहे. अतिचंचलता व अवधानदोष (एडीएचडी) या यादीत स्वतंत्रपणे नाही. ज्या मुलाला तेवढाच त्रास आहे त्याच्या पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे ते या कायद्याच्या भरवशावर राहणार नाहीत.

दोन गोष्टी पालक हमखास एक समजतात, त्या आरक्षण आणि सवलत. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, त्या ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी. जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारी व्यक्ती) किंवा वेगळी खोली या सवलती मात्र या ४० टक्क्यांच्या अटीत अडकवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दोनदा स्पष्ट केले. त्यातले दुसरे प्रकरण लेखन-अक्षमता असलेल्या, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत जादा तास न मिळालेल्या विद्यार्थिनीचे होते. ‘टक्केवारी भरत नाही, म्हणून वेळ मिळणार नाही’ असे परीक्षा केंद्रावरून कोणी म्हणाले तर गप्प बसू नये. लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

कामाची सुरुवात अध्ययन अक्षमतेच्या वैद्यकीय दाखल्यापासून होते, आणि सर्वाधिक घोळही तेथेच होतात. मुंबईत शीव व नायर या महापालिका रुग्णालयांत तपासणी होते. आधी दृष्टी व श्रवण तपासतात, मग बुद्ध्यंक चाचणी आणि त्यानंतर निमहान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाने वाचन, लेखन व गणन तपासले जाते. हे एका फेरीत उरकत नाही, त्यामुळे शाळेचा अहवाल, जुन्या वह्या आणि गुणपत्रिका पहिल्याच भेटीला न्याव्यात. केंद्राच्या ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत दाखला आठव्या वर्षानंतर, चौदाव्या व अठराव्या वर्षी पुनर्तपासणी आणि अठराव्या वर्षीचा दाखला कायमचा, असा क्रम होता; या मार्गदर्शक सूचना मार्च २०२४ मध्ये बदलल्या, म्हणून सध्याचा क्रम रुग्णालयातच विचारून घ्यावा. गोम येथेच आहे. चौदाव्या वर्षीच्या दाखल्यावर दहावी आणि बारावी निभावते, म्हणून घरी कोणी त्याकडे पाहत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षात अठरावे पूर्ण होते, पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर येते आणि परीक्षा विभाग नवा दाखला मागतो. रुग्णालयाची तारीख तोपर्यंत मिळत नाही आणि मूल जादा वेळेविना पेपर लिहिते. बारावीत असतानाच पुनर्तपासणीच्या तारखेची चौकशी करून ठेवली की हे टळते.

दुसरा नेहमीचा घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव व आडनाव यांचा क्रम आणि स्पेलिंग तंतोतंत सारखे असावे, नाहीतर ऑनलाइन अर्ज पडताळणीत अडकतो. दाखल्यावर फक्त ‘डिस्लेक्सिया आढळला’ एवढेच असेल आणि टक्केवारी नसेल, तर राखीव जागेच्या अर्जाला तो चालत नाही. राखीव जागा हवी असेल तर यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचे देशपातळीवरील ओळखपत्र) वेळेत काढावे.

विषयनिवड हा या समुपदेशनाचा गाभा. राज्य मंडळात अध्ययन अक्षम मुलाला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता येतो, भाषेतही सूट मिळते. दहावी सुटते, पण पुढे गणित लागणाऱ्या शाखा जवळपास बंद होतात. म्हणून हा निर्णय नववीत, मुलाला समोर बसवून घ्यावा. डिप्लोमा ‘हाताने करायचा’ म्हणून सोपा असा समज आहे. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला गणिताचा पेपर असतोच, आणि गणन-अक्षम मुले तेथेच अडकतात.

विषयाचे नाव बाजूला ठेवून त्याचा पेपर कसा असतो ते पाहावे. अकरावी वाणिज्यात गणित ऐच्छिक आहे, त्याजागी चिटणीसाची कार्यपद्धती (एसपी) घेता येते. गणित सुटते, पण पानेच्या पाने लिहावी लागतात. गणन-अक्षम मुलाला ते मानवते, लेखन-अक्षम मुलाला जड जाते. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान (आयटी) घेतल्यास परीक्षा संगणकावर होते. हस्ताक्षर हाच अडसर असलेल्या मुलासाठी हा विषय फार मोलाचा आहे, पण तो सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत नसतो. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाला फोन करून विचारावे. वर्षभर वर्गात बसणेच झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) पाच विषय घेऊन बारावी करता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, म्हणजे एका वेळी एक-दोन विषयही सोडवता येतात.

प्रवेश परीक्षांतही हेच पाहायचे. ‘नीट’मध्ये १८० प्रश्न सोडवून ओएमआर पत्रिकेवर (यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर) गोल रंगवायचे असतात. वाचन-अक्षम मुलाची नजर ओळ चुकते आणि ४७ चे उत्तर ४८ च्या गोलात जाते. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा संगणकावर होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वेळेचा सर्वसाधारण नियम तासाला किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा जादा वेळ आपोआप मिळत नाही, अर्ज भरतानाच मागावा लागतो. त्या वेळी रकाना रिकामा राहिला तर नंतर दुरुस्तीसाठी मिळणारी मुदत थोडी असते. लेखनिकाचे नियम परीक्षेनुसार आणि वर्षानुसार बदलतात. तो स्वतः आणायचा की संस्था देणार, त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा किती कमी हवे, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे.

लेखनिक मिळाला की काम झाले, ही समजूत महागात पडते. तोंडी सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. पुस्तपालनाचा पेपर घ्या. मुलाला सांगता आले पाहिजे: ‘डेबिट बाजू, तिसरी ओळ, टू सेल्स अकाउंट, रकमेच्या रकान्यात बारा हजार.’ सवय नसलेले मूल ‘ते तिकडे लिही’ असे म्हणते, लेखनिक चुकीच्या बाजूला लिहितो, ताळा जमत नाही आणि जादा मिळालेला तास खाडाखोडीत जातो. निदान दहा-बारा पूर्ण पेपर, घड्याळ लावून आणि शक्यतो अनोळखी माणसाकडून लिहवून घेण्याचा सराव करावा. आई लेखनिक असेल तर सराव फसवा होतो, कारण तिला अर्ध्या वाक्यातच कळते.

पदवी महाविद्यालय निवडताना नावलौकिकाआधी चार-पाच साधे प्रश्न विचारावेत. समान संधी कक्ष (दिव्यांग व वंचित विद्यार्थ्यांना मदत करणारा विभाग) कोण सांभाळते आणि ती व्यक्ती भेटते का? महाविद्यालय स्वायत्त आहे की परीक्षा विद्यापीठ घेते? सवलतीच्या अर्जावर सही कोणाची लागते? अंतर्गत चाचण्यांनाही जादा वेळ मिळतो का? या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी उत्तर नसते, कारण चाचणी वर्गातच उरकली जाते. दहावीत भाषेची सूट घेतलेल्या मुलाने पदवीच्या पहिल्या वर्षाला भाषेचे किती पेपर आहेत हेही पाहावे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हीच अडचण वेगळ्या रूपात येते. तेथे शाळेची वैयक्तिक शिक्षण योजना (आयईपी) बारावीबरोबर संपते. महाविद्यालयात विद्यार्थ्याने स्वतः दिव्यांग सेवा कार्यालयात जाऊन कागदपत्रांसह मागणी करायची असते, पालकांच्या पत्राने काम होत नाही. ‘सॅट’ या महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेतील सवलतीच्या अर्जाला मंजुरी यायला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

म्हणून समुपदेशनाच्या शेवटच्या बैठका मुलाबरोबर एकट्याने घेतात. आपल्याला काय जमत नाही आणि काय मिळाले तर जमते, हे त्याने तीन-चार वाक्यांत सांगायचे: ‘मला वाचलेले कळते, पण लिहायला दुप्पट वेळ लागतो. माझ्याकडे दाखला आहे. मला तासाला वीस मिनिटे जादा आणि वेगळी खोली लागेल. अर्ज कोणाकडे देऊ?’ ही वाक्ये आधी आरशासमोर, मग अनोळखी माणसासमोर आणि शेवटी प्रत्यक्ष परीक्षा विभागाच्या खिडकीवर म्हणवून घेतात. खिडकीवर पालकांनी दोन पावले मागे उभे राहायचे.