मेंढा (लेखा)

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. लेखा हे शेजारचं गाव, म्हणून लोक सरसकट मेंढा-लेखा म्हणतात, पण नाव झालं ते मेंढा गावच्या ग्रामसभेचं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथलीच.

इथं मतदान घेऊन बहुमतानं काही ठरत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय चालू ठेवतात, वेळ लागतो पण नंतर कुणी फाटे फोडत नाही. जोडीला अभ्यास गट असतात, म्हणजे कायदा, जंगल असा एकेक विषय घेऊन बसायचं आणि बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचं. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही यातली माहीत असलेली नावं. मधावर असाच अभ्यास झाला आणि त्यातून पोळं न जाळता, माशा न मारता मध काढायची पद्धत बसली.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण खरी गंमत पुढेच आहे. हक्क कागदावर आला तरी बांबू विकायचा तर तो जंगलाबाहेर न्यायला टीपी, म्हणजे वाहतूक परवाना लागतो आणि तो तेव्हा वन खात्याच्या हातात होता. 1927 च्या वन कायद्यात बांबू 'झाड' धरलेला (शास्त्राप्रमाणे ते गवत आहे, आणि हा उल्लेख निघाला थेट 2017 मध्ये!), तर वनहक्क कायदा सरळ म्हणतो की बांबू हे गौण वनोपज (म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल), मालक ग्रामसभा. या ओढाताणीत माल अडकला. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि टीपीचं बुक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्याआधी याच पट्ट्यातला बांबू वर्षानुवर्षं लीजवर पेपर मिलला जायचा आणि गावाच्या वाट्याला फार तर तोडणीची मजुरी. आता विक्री ग्रामसभा करते, पैसाही तिच्याच खात्यात येतो.

2013 मध्ये गावानं ग्रामदानही केलं, म्हणजे स्वतःची शेतजमीनसुद्धा ग्रामसभेच्या नावावर करायचं ठरवलं. बांबूची गोष्ट सगळे सांगतात, ही मात्र फारशी कुणी सांगत नाही.