विस्मय आणि संग्रहालयातील स्मरण

संग्रहालयात एखाद्या वस्तूपुढे पावले थबकतात आणि क्षणभर शब्द सुचत नाहीत, तो भाव म्हणजे विस्मय. नाट्यशास्त्रात हाच अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेला भाव आहे. संग्रहालयात शिकलेले पुढे किती आणि कसे आठवते, यात त्याचा वाटा मोठा असतो.

डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये विस्मयाची दोन लक्षणे मांडली. एक, समोरच्या गोष्टीची भव्यता. दुसरे, ती मनात मावावी म्हणून जुन्या समजुतींची फेरमांडणी करण्याची निकड. शिकण्याच्या दृष्टीने दुसरे अधिक मोलाचे, कारण नव्या माहितीला जागा तिथेच होते. मिशेल शिओटा आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना बर्कली विद्यापीठातील टायरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या सांगाड्यासमोर उभे केले. ‘मी कोण?’ याचे उत्तर देताना त्यांनी इतरांपेक्षा अधिक वेळा स्वतःला एखाद्या मोठ्या समष्टीचा भाग म्हणून पाहिले.

स्मरणाबाबतचा एक प्रयोग संग्रहालयाबाहेरचा आहे, पण इथे फार उपयोगी पडतो. डॅनव्हर्स आणि शिओटा या संशोधकांनी काही लोकांच्या मनात आधी विस्मय जागवला आणि मग सर्वांना एका जोडप्याच्या रात्रीच्या जेवणाची गोष्ट ऐकवली. अशा प्रसंगी हमखास असणारे, पण गोष्टीत नसलेले तपशील ‘आठवण्याची’ चूक विस्मय अनुभवलेल्यांकडून कमी झाली. एरवी मन सवयीने रिकाम्या जागा भरते. विस्मयात ते समोर आहे तेच पाहते.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये २०१७ पासून मुख्य दालनाच्या छताला निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा टांगला आहे. त्याआधी तिथे ‘डिप्पी’ हा डायनोसॉरचा सांगाडा होता, पण ती प्लास्टरची प्रतिकृती. देवमाशाची हाडे मात्र खरी. ही मादी १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ किनाऱ्याला लागली होती. तिचे नाव ‘होप’, म्हणजे आशा. जबडा उघडून खोल बुडी घेतानाच्या पवित्र्यात तिला मांडले आहे. त्यामुळे दारातून आत येताच ती अंगावर झेपावल्यासारखी वाटते.

मात्र केवळ आकारावर विसंबणारी मांडणी अपुरीच. मान वर करून पाहणाऱ्याला ‘केवढा हा!’ एवढेच आठवत राहील. ही जात जवळजवळ संपेपर्यंत तिची शिकार झाली आणि १९६६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले, हे त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर मजकूर मोजका हवा आणि नजर खाली येईल तिथेच हवा.