बुधन थिएटर

अहमदाबादच्या छारानगर वस्तीतील छारा समाजाच्या तरुणांनी १९९८ साली सुरू केलेली नाट्यसंस्था. इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर ‘विमुक्त’ म्हटल्या गेलेल्या जमातींचे जगणे हा तिच्या नाटकांचा विषय. नट वस्तीतलेच, तालीम वस्तीतच आणि बरेचसे प्रयोग रस्त्यावर. वंचितांसाठी चालणारे कलेचे उपक्रम भारतात कमी नाहीत, पण त्यांपैकी पुष्कळांत बाहेरचे कुणीतरी कला घेऊन वस्तीत येते. छारानगरात बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी धीर दिला, वाट दाखवली. नाटक मात्र वस्तीने स्वतः उभे केले आणि ते घेऊन वस्तीच बाहेर पडली. या संस्थेचे वेगळेपण समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते.

ज्याचे नाव संस्थेला दिले तो बुधन सबर छारा नव्हता, गुजरातचाही नव्हता. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या खेडिया सबर जमातीचा तो तरुण. १० फेब्रुवारी १९९८ रोजी तो बायकोला, श्यामलीला, सायकलवर घेऊन चालला होता. वाटेत पानाच्या दुकानापाशी थांबला असताना पोलिसांनी त्याला धरून नेले. आठवडाभरात, १७ फेब्रुवारीला, तो कोठडीत मेला. त्याने आपल्याच गमछाने गळफास लावून घेतला, असे सांगण्यात आले. गावाचा त्यावर विश्वास बसला नाही. देह जाळला गेला तर पुरावाही जाईल, हे ओळखून सबरांनी चितेवर गवताचा पुतळा जाळला आणि बुधनला त्याच्याच घराच्या जमिनीत पुरले. त्या देहाचे दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकले ते यामुळे. लेखिका महाश्वेता देवी सबरांच्या कल्याण समितीच्या वतीने कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आणि श्यामलीला भरपाई देण्याचा आदेश दिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या, पदरी काही नसलेल्या माणसांनी पुरावा जपण्यासाठी केलेली ही युक्ती मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

बुधन संशयित का ठरला, याचे उत्तर १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टमध्ये, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. या कायद्याने माणसाने काय केले हे न पाहता तो कुणाच्या पोटी जन्मला हे पाहिले. जमातीच्या जमाती सरकारी वहीत चढवल्या गेल्या, नंतर बोटांचे ठसेही घेतले जाऊ लागले, गाव सोडायचे तर परवाना आणि ठरल्या वेळी ठाण्यात हजेरी सक्तीची झाली. पुढे कायदा देशभर पसरला आणि १९२४ साली नव्याने बांधला गेला. अनेक जमातींना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले गेले, त्यांतल्या काही सेटलमेंट साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेकडे चालवायला दिल्या होत्या. सोलापूरकरांना सेटलमेंट हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, तिथे तो अजून वस्तीच्या नावात आहे. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जाऊ लागला. मात्र जागा रिकामी राहिली नाही. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. वहीचे नाव बदलले, तरी ठाण्यातल्या शिपायाच्या डोक्यातली यादी बदलली नाही.

छारानगर हे अशाच एका सेटलमेंटचे पुढचे रूप. अहमदाबादच्या कुबेरनगर भागातली ही दाट वस्ती. छारा मूळचे सांसी, भटके. त्यांच्या घरची भाषा भांतू. महाराष्ट्रातला कंजारभाट समाज हा त्यांचाच भाऊबंद. छारानगरात इंद्रेकर, गागडेकर, तमायचे अशी आडनावे भेटतात आणि पुण्याच्या माणसाला ती ओळखीची वाटतात, ती त्यामुळे. वस्तीत रोजगार नव्हता आणि पत्ता सांगितला की बाहेर नोकरी मिळत नव्हती. गुजरातमध्ये दारूबंदी. त्यामुळे घरोघरी गुळाच्या हातभट्ट्या लागल्या, काहीजण चोरीवर जगले, आणि दोन्हींच्या निमित्ताने पोलिसांचे येणे-जाणे कायमचे झाले. त्याच पैशावर मुले शाळा-कॉलेजात गेली हे इथली माणसे लपवत नाहीत. वकील बरेच झाले, कारण वकिलाची गरज रोजचीच होती.

मार्च १९९८ मध्ये महाश्वेता देवी व्याख्यानासाठी बडोद्याला आल्या. बडोद्यात गणेश देवी भाषा संशोधन केंद्र चालवत होते. देवी मूळचे भोरचे. इंग्रजीचे प्राध्यापक, मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहिणारे. त्या व्याख्यानाच्या पाठोपाठ देवी, महाश्वेता देवी आणि लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभा केला. मग पाहुणे छारानगरात गेले. तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर तिथल्या मुलांनी वाचनालय मागितले. एका खोलीत पुस्तके आली आणि मुले तिथे जमू लागली. कृतिगटाच्या ‘बुधन’ नावाच्या नियतकालिकात पुरुलियाच्या खटल्याची हकिगत छापून आली होती, ती या मुलांनी वाचली. हजारभर मैलांवरच्या, आपली भाषाही न बोलणाऱ्या माणसाची ही गोष्ट त्यांना परकी वाटली नाही. मध्यरात्री दारावर पडणारी थाप, बापाला ओढत नेणे, आईने जीपच्या मागे धावणे हे सगळे त्यांनी घरात पाहिलेले होते. त्यांनी तिचे हिंदी नाटक केले. दक्षिण बजरंगे हे या मंडळींचे लेखक-दिग्दर्शक म्हणून पुढे आले. ‘बुधन’चा पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्त दिनी झाला. बुधनच्या मृत्यूला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते.

नाटकाला रंगमंच लागत नाही, नेपथ्य नाही, दिव्यांची गरज नाही. प्रेक्षक गोल करून उभे राहतात आणि मध्ये उरलेली जागा हेच पुरुलिया. सायकल, पानाचे दुकान, ठाणे, घरझडती, तुरुंग हे एकामागून एक त्या जागेत घडत जाते. नट साध्या कपड्यांत असतात. आता पोलीस असलेला दुसऱ्या घडीला गावकरी होतो. मारहाणीचे प्रसंग लांबतात, प्रेक्षकाला नकोसे होईपर्यंत लांबतात. लाथ बसली की अंग कुठे आवळते, ओरडायचे कधी आणि आवाजच बंद होतो कधी, हे या नटांना शिकवावे लागले नसावे. शेवटी गोष्ट थांबते आणि नट पात्रांतून बाहेर येऊन समोरच्यांना विचारतात: आम्ही या देशाचे दुय्यम नागरिक आहोत का? तोवर आपण बंगालमधली घटना पाहत होतो अशी समजूत असलेल्या माणसाला तेव्हा कळते की प्रश्न विचारणारा याच शहरात, आपल्यापासून दोन बसथांब्यांवर राहतो.

अभिनय आमच्या रक्तातच आहे, असे छारा स्वतः सांगतात. चोरी करायची तर भोळा चेहरा करता आला पाहिजे, समोरच्याचे लक्ष दुसरीकडे वळवता आले पाहिजे, सापडल्यावर वेडाचे सोंग आणता आले पाहिजे. पोट भरण्यासाठी पिढ्यानपिढ्या घोटलेली ही विद्या पोरांनी नाटकात आणली. हे बोलणे ऐकून हसू येते, पण त्यात समाजाच्या भूतकाळाकडे पाहण्याची एक रीत आहे. लाज वाटण्याचे ओझे इथे खाली ठेवलेले दिसते. सुधारणेच्या भाषेत वंचितांशी बोलणाऱ्या उपक्रमांना हे सहसा साधत नाही. ते माणसाला आधी त्याचा भूतकाळ टाकून द्यायला सांगतात.

दुसऱ्या महत्त्वाच्या नाटकाचा विषय महाराष्ट्रातला आहे. जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. मारहाणीनेच तो मेला असा आरोप झाला. बुधनच्या मृत्यूनंतर चार महिन्यांतली ही घटना. त्यावर मंडळींनी ‘पिन्या हरी काळे की मौत’ हे नाटक केले. पारधी म्हटले की आपल्याकडे चोरीच्या बातमीतले नाव डोळ्यांपुढे येते. पारध्यांची वस्ती गावाबाहेर असते, कुठे दरोडा पडला की पहिली जीप तिथे जाते, आणि हे इतके अंगवळणी पडलेले आहे की त्याची बातमीही होत नाही. बारामतीच्या माणसाचे मरण अहमदाबादच्या छारांनी गावोगाव सांगितले, ही गोष्ट मराठी रंगभूमीने मनाला लावून घ्यायला हवी होती.

पुढे कोठडीतल्या मृत्यूंच्या जोडीने इतर विषय आले: धार्मिक दंगली, घरे पाडली जाणे, विकासाच्या नावाखाली होणारे विस्थापन. महाश्वेता देवींच्या कथांवरून आणि इतर भाषांतल्या गाजलेल्या नाटकांवरूनही प्रयोग झाले. बजरंगे माहितीपटांकडेही वळले. सापांचे खेळ करून पोट भरणारे मदारी आणि कच्छच्या रणातले मीठ पिकवणारे अगरिया यांच्यावर त्यांनी चित्रपट केले. शाश्वती तालुकदार आणि पी. केरिम फ्रीडमन यांनी या मंडळींवर केलेला माहितीपट २०११ मध्ये आला. वस्तीतली काही मुले दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकली, काही चित्रपटांत गेली, काही पत्रकार झाली.

वाचनालय या साऱ्याचा कणा राहिला. तालीम तिथे, मुलांचा अभ्यास तिथे, आणि कुणाला पकडून नेले तर निरोपही तिथेच. लहान पोरे मोठ्यांच्या तालमी बघता बघता संवाद पाठ करतात आणि काही वर्षांनी त्यांच्याच जागी उभी राहतात. नाटकामुळे छारानगरची हातभट्टी बंद झाली, असे मात्र कुणी समजू नये. नाटक पोट भरत नाही. लग्न झाले, मूल झाले की चांगला नट कामधंद्याला लागतो आणि तालमीला यायचा थांबतो. मुलींना घरून परवानगी मिळवणे सुरुवातीला फार जड गेले. पण छारानगर म्हणजे दारू एवढेच ठाऊक असलेल्या शहराला तिथे नाटकवालेही राहतात हे कळले, आणि कॉलेजात पत्ता सांगताना मान खाली घालणाऱ्या मुलाला दुसरे काहीतरी सांगता येऊ लागले. हा बदल मोजता येत नाही. ज्याला आयुष्यभर पत्ता लपवावा लागला त्याला त्याची किंमत कळते.

२६ जुलै २०१८ च्या रात्री, वस्तीत एका पोलीस अधिकाऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, पोलिसांचा मोठा ताफा छारानगरात शिरला. घरांत घुसून बायकामुलांनाही मारले, रस्त्यावरची वाहने फोडली, असे रहिवाशांनी सांगितले. मार खाल्लेल्यांत वकील होते, एक वृत्तछायाचित्रकारही होता. पुढचे काही दिवस वस्तीने शांततेने निषेध केला. वीस वर्षे ज्याचे नाटक केले तेच घराच्या दारात घडल्यावर हातात दगड न घेणे ही साधी गोष्ट नाही, आणि मला वाटते त्या वीस वर्षांच्या तालमीचा त्यात वाटा आहे.

दडपलेल्यांनी स्वतः नाटक करण्याची परंपरा जगभर आहे. ब्राझीलचे आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी प्रेक्षकालाच नाटकात ओढून प्रसंग बदलून पाहायला लावणारी ‘उत्पीडितांची रंगभूमी’ घडवली. बंगालमध्ये संजय गांगुली यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या ‘जन संस्कृती’ने ती गावागावांत नेली. महाराष्ट्रात ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, त्यात झोपडपट्टीतली मुले स्वतःच्या जगण्यावर नाटिका बसवतात. बुधन थिएटरचे या सगळ्यांशी नाते आहे. बोआल यांच्या पद्धतीत प्रेक्षक आत येऊन तोडगा शोधतो. बुधनचे नट तोडगा देत नाहीत की मागतही नाहीत, ते साक्ष देतात. ज्यांची साक्ष कोर्टात कुणी खरी मानत नाही त्यांनी ती चौकात दिली.

विमुक्तांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने नेमलेल्या दोन्ही राष्ट्रीय आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले होते: बाळकृष्ण रेणके (अहवाल २००८) आणि भिकू रामजी इदाते (अहवाल २०१७). राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ साली सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातीत जन्मला म्हणून कुणाला सराईत मानता येणार नाही, हे स्पष्ट केले. बुधन सबर गेल्याला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.